सर्पगंधा ते रेसर्पीन : औषधाचा उगम, रूप, मात्रा व मार्ग यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

औषधाचा उगम, त्याचे रूप, मात्रा आणि ते शरीरात पोहोचविण्याचा मार्ग या चार बाबी औषधक्रियाविज्ञानाच्या प्रारंभिक पाठात स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविल्या जातात. प्रत्यक्ष इतिहासात मात्र त्या एकमेकींपासून अलग राहत नाहीत. प्रस्तुत लेखात सर्पगंधा या भारतीय वनस्पतीच्या गेल्या शतकातील प्रवासाच्या आधारे हे परस्परसंबंध तपासले आहेत. मुळाचे चूर्ण, अर्क, गोळी आणि शुद्ध अल्कलॉइड ही एकाच औषधाची केवळ बाह्य रूपे नव्हती. प्रत्येक रूपाने वैद्यकाच्या ज्ञानात वेगळी भर घातली आणि वेगळ्या चुकांनाही वाव दिला, असे या अभ्यासातून दिसून येते.

बीजसंज्ञा : सर्पगंधा, रेसर्पीन, अल्कलॉइड, औषधरूप, मात्रा, उच्च रक्तदाब.

प्रस्तावना

औषधांचा इतिहास लिहिताना शुद्ध रासायनिक द्रव्याच्या शोधाला सर्वाधिक महत्त्व देण्याची प्रथा आहे. अफूपासून मॉर्फीन, सिंकोनाच्या सालीपासून क्विनीन, त्याप्रमाणे सर्पगंधेपासून रेसर्पीन, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांत आढळते. या मांडणीत शुद्धीकरणापूर्वीचा काळ 'पारंपरिक उपयोग' या दोन शब्दांत संपतो. सर्पगंधेच्या बाबतीत ही मांडणी वस्तुस्थितीला धरून नाही. रेसर्पीन १९५२ साली प्रथम अलग करण्यात आले. परंतु सर्पगंधेने उच्च रक्तदाब कमी होतो ही गोष्ट त्याच्या एकवीस वर्षे आधी भारतात छापून आली होती, आणि मुंबईतील एका रुग्णालयातील चिकित्सकाने तीन वर्षे आधी ती जागतिक वैद्यकीय व्यासपीठावर मांडली होती. हे रेणू हाती नसताना कसे शक्य झाले, आणि रेणू हाती आल्यानंतरही गंभीर चुका का झाल्या, या दोन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

उगम : वनस्पती व तिची ओळख

सर्पगंधा (राउवोल्फिया सर्पेंटिना) हे करवीर कुलातील लहान झुडूप होय. हिमालयाच्या पायथ्यापासून कोकण व सह्याद्रीच्या दमट वनांपर्यंत ते आढळते. मराठीत त्यास अडकई, हरकी अशीही नावे आहेत. बिहारमध्ये ते 'पागल की दवा' या नावाने ओळखले जात असे. रोगाचे नाव वनस्पतीच्या नावातच आल्यामुळे मनोविकारावरील उपयोग लोकव्यवहारात किती रुळलेला होता याची कल्पना येते. गोव्यात वास्तव्य करणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी इ. स. १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात 'सापाच्या लाकडा'चे वर्णन केले आहे. त्यात उल्लेखिलेल्या प्रकारांपैकी एक म्हणजे सर्पगंधा, असे अभ्यासकांनी मानले आहे. वनस्पतीच्या प्रजातीचे शास्त्रीय नाव मात्र सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ट राउवोल्फ यांच्या स्मरणार्थ दिलेले आहे. त्यांचा प्रवास पश्चिम आशियापर्यंतच झाला. भारतात ते आलेच नाहीत.

औषधी भाग म्हणजे मूळ होय, आणि त्यातही मुळाच्या सालीत अल्कलॉइडांचे प्रमाण सर्वाधिक असते. ही वनस्पतिशास्त्रीय बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पान किंवा फळ औषधी असते तर वनस्पती तोडणीनंतरही जगली असती. मूळ खणून काढले म्हणजे वनस्पतीच नष्ट होते. शिवाय वाळविलेले मूळ बाजारात आल्यावर त्याच प्रजातीतील अन्य जातींच्या मुळांपासून ते वेगळे ओळखणे कठीण असते. त्यामुळे भेसळीचा प्रश्न प्रारंभापासूनच या औषधाबरोबर राहिला. उगमाची निश्चिती झाल्याशिवाय मात्रेची निश्चिती होत नाही, हा औषधनिर्मितीचा मूलभूत नियम येथे स्पष्ट होतो.

चूर्ण : १९३१ सालची दोन प्रकाशने

सर्पगंधेच्या आधुनिक अभ्यासाच्या दृष्टीने १९३१ हे वर्ष निर्णायक ठरले. त्या वर्षी परस्परांपासून स्वतंत्रपणे दोन संशोधने प्रसिद्ध झाली. कोलकात्यात कविराज गणनाथ सेन व डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधा हे उन्माद व उच्च रक्तदाब या दोहोंवरील नवे भारतीय औषध असल्याचे प्रतिपादन केले. दिल्लीत डॉ. सलीमुझ्झमान सिद्दीकी व रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून पाच स्फटिकरूप अल्कलॉइडे अलग केल्याचे जाहीर केले. हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया महाविद्यालयात हे कार्य झाले होते आणि हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांपैकी एकास 'अजमलीन' हे नाव देण्यात आले.

सेन व बोस यांच्या लेखाचे वैशिष्ट्य केवळ निरीक्षणात नाही. त्यांनी मात्रा दिली, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मुळाचे चूर्ण २० ते ३० ग्रेन दिवसातून दोन वेळा दिल्यास झोप येते, रुग्णाची आक्रमकता कमी होते आणि रक्तदाबही उतरतो, असे त्यांनी नोंदविले. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. म्हणजे दिवसाकाठी सुमारे २.६ ते ३.९ ग्रॅम चूर्ण रुग्णाच्या पोटात जात होते. या आकड्याकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. परंपरेने 'चिमूटभर' किंवा 'गुंजभर' अशा मापांत चालत आलेले ज्ञान येथे प्रथमच अशा स्वरूपात आले की दुसऱ्या चिकित्सकाने ते पडताळून पाहावे.

अर्क व अल्कलॉइडे : दिशाभूल करणारी शुद्धता

सिद्दीकी यांच्या यशामुळे साहजिकच संशोधकांची अपेक्षा अशी झाली की, सर्पगंधेचा गुण या स्फटिकरूप अल्कलॉइडांतच असणार. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये सर रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ पासून या वनस्पतीचा प्रायोगिक अभ्यास सुरू केला. पुढील काही वर्षांत असे दिसून आले की, मुळाच्या अल्कोहोलयुक्त अर्काने जी शामक क्रिया होते ती ज्ञात अल्कलॉइडांनी होत नाही. ज्ञात स्फटिके काढून घेतल्यावर उरणाऱ्या तेलकट, राळेसारख्या अंशात ती क्रिया शिल्लक राहते.

या निरीक्षणाचे महत्त्व विशेष आहे. शुद्धीकरण झाले म्हणजे औषध हाती आले, असे गृहीत धरले जाते. येथे रसायनशास्त्रज्ञाच्या हाती सुंदर स्फटिक आले आणि औषध मात्र टाकाऊ वाटणाऱ्या राळेत राहिले. यामागे एक सूक्ष्म कारणही होते. प्राण्यांवरील तत्कालीन प्रयोगांत द्रव्य शिरेतून देऊन काही मिनिटांत रक्तदाबात होणारा फरक मोजला जाई. मुळातील खरा प्रभावी घटक सावकाश क्रिया करणारा असल्यामुळे अशा अल्पकालीन प्रयोगात तो सहज निसटू शकत होता. औषध देण्याचा मार्ग व निरीक्षणाचा कालावधी यांनीच काय दिसावे आणि काय दिसू नये हे ठरविले.

गोळी : मुंबईतील चिकित्सा

प्रयोगशाळेत हा गुंता चालू असतानाच औषधनिर्मिती पुढे गेली होती. १९३४ साली हिमालय ड्रग कंपनीने सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या 'सर्पिना' या नावाने बाजारात आणल्या. चूर्ण कडू असते, त्याचे माप प्रत्येक वेळी वेगळे होऊ शकते आणि ते दमट हवेत टिकत नाही. गोळीने या तिन्ही अडचणी बऱ्याच अंशी दूर केल्या. गोळीत भरलेले द्रव्य अशुद्ध मूळच होते, परंतु एका गोळीइतके मूळ म्हणजे किती, हे आता ठरलेले होते. यामुळे एका शहरातील चिकित्सकाचा अनुभव दुसऱ्या शहरातील चिकित्सकाच्या अनुभवाशी ताडून पाहणे शक्य झाले.

या शक्यतेचा पूर्ण उपयोग डॉ. रुस्तम जाल वकील (१९११-१९७४) यांनी केला. मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने सर्पगंधेच्या गोळ्यांचा दीर्घकाळ वापर केल्यानंतर उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले. आजच्या अर्थाने ही यादृच्छिक व दुहेरी-अंध चाचणी नव्हती. परंतु ठरावीक रूपातील औषध, ठरावीक कालावधी आणि रक्तदाबाची प्रत्यक्ष मोजमापे यांमुळे परदेशातील वाचकांना ती दुर्लक्षिता आली नाही. बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांना दिल्या आणि १९५२ पासून अनुकूल निष्कर्ष प्रसिद्ध केले.

अशा प्रकारे सर्पगंधा सागरापार गेली ती शुद्ध रेणूच्या रूपाने नव्हे, तर अशुद्ध मुळाच्या गोळीच्या रूपाने. १९५७ सालचा लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना अन्य संशोधकांसमवेत देण्यात आला आणि १९५८ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. त्यांच्या कार्याची ओळख 'रेसर्पीनचे जनक' अशी करून देणे मात्र उचित नाही. रेसर्पीन त्यांनी शोधले नाही. मात्रा निश्चित असेल तर रेणू अज्ञात असतानाही औषधाचा गुण शास्त्रीय रीतीने सिद्ध करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

शुद्ध रेणू आणि बाजारातील तीन रूपे

स्वित्झर्लंडमधील बासेल येथील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर व बाइन यांनी १९५२ साली त्याच राळयुक्त अंशातून रेसर्पीन अलग केले. हार्वर्ड विद्यापीठाचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ साली त्याचे संपूर्ण संश्लेषण केले. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या इतिहासात ते संश्लेषण आजही आदर्श मानले जाते.

यानंतर अमेरिकेच्या बाजारात एकाच वनस्पतीची तीन रूपे शेजारी शेजारी उपलब्ध होती : संपूर्ण मुळाच्या प्रमाणित चूर्णाची गोळी, 'अल्सेरॉक्सिलॉन' नावाचा अंशतः शुद्ध केलेला अल्कलॉइडसमूह आणि शुद्ध रेसर्पीन. त्या काळातील पाठ्यपुस्तकांनी त्यांची तुल्यता अशी दिली होती की, २०० ते ३०० मिलिग्रॅम मूळचूर्ण हे ०.५ मिलिग्रॅम रेसर्पीनच्या बरोबरीचे मानावे. म्हणजे वजनात सुमारे पाचशे पटींचा फरक. मुळात रेसर्पीनखेरीज रेसिनामीन, डेसर्पिडीन यांसारखे समान क्रियेचे घटकही असतात, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे.

मार्ग : एकाच मुळातील दोन भिन्न वर्तने

शिरेतून दिलेले औषध त्वरित क्रिया करते आणि मुखावाटे दिलेले सावकाश, असे विद्यार्थ्यांना शिकविले जाते. सर्पगंधेच्या दोन अल्कलॉइडांची तुलना या नियमाची मर्यादा दाखविते. अजमलीन शिरेतून दिल्यास काही मिनिटांत हृदयाच्या विद्युत्वहनावर परिणाम करते आणि तो अल्पकाळात ओसरतो. त्यामुळेच ब्रुगाडा या हृदयविकाराच्या निदानासाठी आज त्याचा उपयोग केला जातो. रेसर्पीन मात्र स्नायूत किंवा शिरेत टोचले तरी त्याचा परिणाम दिसण्यास तासाहून अधिक काळ लागू शकतो, आणि तो दीर्घकाळ टिकतो.

याचे कारण रेसर्पीनच्या क्रियापद्धतीत आहे. मज्जातंतूंच्या टोकाशी सूक्ष्म पिशव्यांमध्ये नॉरॲड्रिनलीन, डोपामीन व सेरोटोनीन ही द्रव्ये साठविली जातात. रेसर्पीन ही साठवण करणारी यंत्रणा बंद पाडते; साठा हळूहळू रिकामा होतो आणि मगच रक्तदाब उतरू लागतो. पिशव्यांची क्षमता पूर्ववत होण्यास दिवस वा आठवडे लागतात. मार्ग बदलल्याने औषध रक्तात लवकर पोहोचते. परंतु क्रिया केव्हा सुरू होईल हे अंतिमतः क्रियापद्धती ठरविते. १९५० च्या दशकात तातडीच्या उच्च रक्तदाबावर रेसर्पीनची अंतःक्षेपणे दिली जात असत. पहिल्या मात्रेचा परिणाम दिसण्यापूर्वीच दुसरी मात्रा दिली गेल्यास दोहोंचा परिणाम एकवटण्याचा धोका असे. हा मार्ग पुढे मागे पडला.

याच क्रियापद्धतीच्या शोधाने मेंदूविज्ञानाला नवी दिशा दिली. १९५५ साली प्लेचर, शोर व ब्रोडी यांनी रेसर्पीनमुळे सेरोटोनीन मुक्त होते असे दाखविले. १९५७ साली आर्विड कार्लसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रेसर्पीनमुळे निश्चल झालेल्या सशांना डोपा हे द्रव्य देताच ते पुन्हा हालचाल करू लागतात, असे सिद्ध केले. पार्किन्सन विकारावरील उपचारांचा पाया या कार्यातून घातला गेला आणि कार्लसन यांना २००० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

मात्रेची चूक आणि तिचे परिणाम

मनोविकारांतील उपयोग व उच्च रक्तदाबातील उपयोग यांची गल्लत हा या इतिहासातील सर्वांत गंभीर भाग होय. न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी सर्पगंधा व रेसर्पीन यांचा वापर करून १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. अहमदाबादचे डॉ. आर. ए. हकीम यांच्या १९५३ मधील कार्याचे वृत्त या प्रयत्नामागे होते. मनोविकारासाठी लागणाऱ्या मात्रा रक्तदाबासाठी लागणाऱ्या मात्रांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. आता सेन व बोस यांच्या आकड्याकडे पुन्हा पाहावे. दिवसाला २.६ ते ३.९ ग्रॅम चूर्ण म्हणजे वर दिलेल्या तुल्यतेनुसार पाच मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक रेसर्पीन होते. पुढे उच्च रक्तदाबासाठी ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम ही दैनिक मात्रा पुरेशी ठरली. म्हणजे १९३१ च्या लेखात एकाच चूर्णाने उन्माद शमतो व रक्तदाबही उतरतो असे दिसले, ते मुख्यतः उन्मादाच्या मात्रेवर.

प्रारंभीच्या वर्षांत उच्च रक्तदाबाच्या रुग्णांनाही बरेचदा आवश्यकतेपेक्षा मोठ्या मात्रा दिल्या गेल्या. त्यातून खिन्नता व आत्महत्येच्या विचारांच्या तक्रारी नोंदविल्या गेल्या आणि औषधाची अपकीर्ती झाली. अलीकडील पुनर्परीक्षणांत या संबंधाचा पुरावा विसंगत असल्याचे आढळले आहे. १९७४ साली रेसर्पीनचा स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांत त्याला पुष्टी मिळाली नाही. तरीही या दोन आघातांनंतर औषध मागे पडले.

दुसरीकडे, अल्प मात्रेतील रेसर्पीनने वैद्यकाला एक मोठा पुरावा दिला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झालेल्या अभ्यासाचा पहिला भाग १९६७ साली प्रसिद्ध झाला. तीव्र उच्च रक्तदाबाच्या १४३ पुरुषांपैकी काहींना हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रॅलझीन व दररोज ०.२ मिलिग्रॅम रेसर्पीन अशी संयुक्त चिकित्सा आणि इतरांना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. निष्क्रिय गोळ्यांच्या गटात २७ रुग्णांत गंभीर घटना घडल्या, तर औषधाच्या गटात केवळ २. उच्च रक्तदाबावर उपचार केल्याने प्राण वाचतात हे ठोसपणे दाखविणाऱ्या पहिल्या अभ्यासांत याची गणना होते. १९९१ च्या वृद्धांवरील अभ्यासात पर्यायी औषध म्हणून ०.०५ मिलिग्रॅम इतकी लहान मात्राही वापरली गेली. ज्या औषधाला धोकादायक ठरविले गेले आणि ज्याने प्राण वाचविले ते औषध एकच होते. फरक मुख्यतः मात्रेचा होता.

वनस्पतीने मोजलेली किंमत

१९५० च्या दशकात जागतिक मागणी एकाएकी वाढली आणि भारतातील वनांतून सर्पगंधेची मुळे मोठ्या प्रमाणावर खणली जाऊ लागली. भारत सरकारने मुळांच्या निर्यातीवर निर्बंध आणले. त्यानंतर परदेशी कारखान्यांनी रेसर्पीनचे प्रमाण अधिक असलेल्या राउवोल्फिया व्हॉमिटोरिया या आफ्रिकी जातीकडे मोर्चा वळविला. संश्लेषण शक्य झाले तरी वनस्पतिजन्य उगमाची गरज पूर्णपणे संपली नाही. १९९० पासून सर्पगंधा ही वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या 'साइटीस' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट आहे. लागवड शक्य आहे. परंतु मुळे काढण्यायोग्य होण्यास किमान दीड वर्ष, बहुधा दोन ते तीन वर्षे लागतात, आणि ज्याच्या ताब्यात थोडीशी जमीन आहे त्या शेतकऱ्याला इतका काळ थांबणे परवडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, सर्पगंधेच्या आधुनिक इतिहासाचा केंद्रबिंदू रेणूचा शोध नसून मात्रेची निश्चिती हा आहे. ती निश्चिती प्रथम चूर्णाच्या ग्रेनमध्ये व नंतर गोळीच्या रूपात भारतीय चिकित्सकांनी केली. दुसरा, शुद्धीकरण ही स्वयंसिद्ध प्रगती नव्हे. अलग केलेल्या घटकात मूळ द्रव्याचा गुण उतरला आहे किंवा नाही, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते. तिसरा, औषध देण्याचा मार्ग व क्रियापद्धती यांचा एकत्रित विचार न केल्यास अंतःक्षेपणासारखा वेगवान मार्गही रुग्णास घातक ठरू शकतो. चौथा, औषधाच्या गुणदोषांविषयीचे कोणतेही विधान मात्रेच्या उल्लेखाशिवाय अपुरे असते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने हा इतिहास उपयुक्त ठरू शकेल. औषधनिर्माणशास्त्राच्या वर्गात उगम, रूप, मात्रा व मार्ग ही चार प्रकरणे वेगवेगळ्या तासांना शिकविली जातात. वनस्पतिशास्त्राचा, रसायनशास्त्राचा व इतिहासाचा अध्यापक त्यांकडे आपापल्या बाजूने पाहतो. सर्पगंधेच्या एका मुळाशी ही सर्व प्रकरणे एकत्र येतात. आज रेसर्पीन क्वचितच लिहून दिले जाते. तथापि आयुर्वेदीय व वनौषधींच्या बाजारात सर्पगंधेचे चूर्ण व गोळ्या मिळतात, आणि 'वनस्पतिजन्य म्हणून निरुपद्रवी' या समजुतीने त्या वैद्यकीय सल्ल्याविना घेतल्याही जातात. अडीच ग्रॅम चूर्णात काय असते, हे १९३१ साली ठाऊक नव्हते. आज ते ठाऊक आहे. ते विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे.